कागदावरची पाचवी ओळ

"मी नाई करत सही." ह्यांनी ऑपरेशनचा कागद माझ्याकडे ढकलला. "सांग त्या सिस्टरले, पेशंट पळाला म्हनून."

"पळाला?" शेजारच्या खाटेवरचे श्यामराव हसले. कारध्याचे म्हातारे, कंबर मोडून दीड महिना पडलेले. "इश्वरभाऊ, पळता आलं असतं तं आपण इथं कायले राहिलो असतो?"

वॉर्डातले दोघेतिघे हसले. हे हसले नाहीत.

जूनमध्ये साकोलीच्या राईस मिलमध्ये पोत्यांची थप्पी कोसळली आणि ह्यांच्या उजव्या पायाची नळी मोडली. पहिल्या ऑपरेशनात सळई बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, संक्रांतीपर्यंत पायावर भार देऊ नये. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच, बी.ए. झालेली. चिठ्ठी मी सासूबाईंना दोनदा समजावून सांगितली.

आणि भाऊबीज झाली की गावची मंडई, म्हणजे जत्राच. मंडईला दंडार होते, नाचगाण्याचा खेळ, बायकांची कामंही पुरुषच करतात. अकरा वर्षं दंडारीतली राणी हेच होत. दंडार बसवणारे परसराम घरी आले. "वहिनी, भाऊ बसूनच गाईन. खुर्ची टाकतो मी. राणी खुर्चीवर बसतेच न!"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस त्या सकाळी दाढी घोटून बसला होता. नऊवारीत पाय दिसला असता, म्हणून मीच माझी कॉलेजातली सहावारी घोट्यापर्यंत नेसवली. तीन कडवी हे बसून गायले. चौथ्याला ढोलकी चढली आणि राणी उठली. शिट्ट्यांवर शिट्ट्या. मीसुद्धा बेबीला उंच धरलं, "पाह्य बेटा, बाबा नाचून राहिले!"

पौषात पाय सुजला. मग पू वाहू लागला. सळई वाकली होती.

"डॉक्टर बाहेर बोलवून काय म्हनत होते तुले?" ह्यांनी विचारलं.

"जुनी सळई काढतीन, हाड साफ करतीन, नवी बसवतीन."

"अन् मंग?"

"मंग सहा महिने आराम."

"पयलेही सहाच म्हनले होते." हे छताकडे पाहत होते. "मी पडल्या पडल्या बेबी चालाले शिकली, चंद्रा. आता तिचं नाव शाळेत घातलं तरी मी खाटेवरच राहीन."

"राहा न. मी आहे."

"तू किती दिवस माह्यं हागमूत काढशीन?"

"त्या दिवशी सहावारी मीच नेसवली होती," मी म्हणाले.

"उठलो तं मीच होतो." मग एकदम, "वाच तो कागद. एकही शब्द सोडू नोको. पाय कापाचा असन तं आताच सांग. मी तसाच घरी येऊन मरतो, पण लंगडा होऊन जगत नाई."

कागद इंग्रजीत होता. मी एकेक ओळ मराठी करून सावकाश वाचली. बेशुद्धीच्या औषधाला माझी संमती आहे. रक्त द्यावं लागल्यास माझी हरकत नाही. धोक्याची कल्पना मला दिली आहे. आजारपणाची खरी माहिती मी दिली आहे.

पाचवी ओळ होती, गरज पडल्यास पाय गुडघ्याखाली काढण्यास माझी संमती आहे. डॉक्टरांनी बाहेर हेच सांगितलं होतं. उघडल्याशिवाय कळणार नाही. पण पू रक्तात भिनला, तर माणूसच हाती लागणार नाही.

मी पाचवी ओळ सोडून थेट खालच्या तारखेवर आले.

"बस? येवढंच?"

"येवढंच."

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेजारी श्यामरावांनी कूस बदलता येत नसताना मान पलीकडे वळवली.

"पेन दे."

ह्यांना इंग्रजी येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी कागद धरताना मी अंगठा पाचव्या ओळीवर ठेवला. त्याच्याखाली ह्यांनी जाडजूड अक्षरांत, अर्धा मिनिट लावून, इश्वर सेवकराम लिहिलं. सिस्टर कागद घेऊन गेली.

"चंद्रा."

"काय?"

"तळपायाले खाज सुटली. उजव्या."

मी पायथ्याशी बसले. सुजेनं कातडी ताणली होती, पण टाच बेबीच्या टाचेसारखी मऊ झाली होती. आठ महिन्यांत ती एकाच दिवशी जमिनीला लागली होती.

"इथं?"

"खाली. अंगठ्यापाशी. हं."

स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय म्हणाला, "चला भाऊ."

"बस झालं, सोड आता," हे म्हणाले.

मी खाजवतच राहिले.