मोठ्या नंबरचा जोडा

मित्रांनो, मी एक जुनी मापपट्टी आहे, चपलांच्या दुकानातली. लोखंडाची, पावलाएवढी लांब. अंगावर नंबरांच्या रेघा आणि पावलाच्या कडेला येऊन टेकणारी एक सरकती पट्टी. ही पट्टीच मला स्वस्थ बसू देत नाही. जो येतो तो तिच्याशी खटखट करत बसतो! मी नवी होते तेव्हा मालक मला रोज पुसायचे. पुढे लोक "आठ नंबर द्या" म्हणत आपले आपणच जोडे घालून बघू लागले आणि माझी रवानगी स्टुलाखाली झाली.

तिथून मला माणसांचे पायच तेवढे दिसतात. त्यातले ताईचे पाय अगदी ओळखीचे. ताई दुकानात विक्रीच्या कामाला होती. दिवसभर उभी राहायची आणि शिडीवर चढ-उतार करायची. तिला दिवस गेले, पोट दिसू लागलं, तशी संध्याकाळी तिची पावलं सुजू लागली. गंमत म्हणून ती माझ्यावर पाय ठेवायची. संध्याकाळी पट्टी बाहेर सरकायची, सकाळी पुन्हा जागेवर यायची.

"या दिवसांत सुजतातच पाय," मालक म्हणायचे आणि तिला बसवून खोक्यावर पाय ठेवायला लावायचे. ते खोटंही नव्हतं.

पण एका सकाळी ताईनं पाय ठेवला आणि पट्टी बाहेरच राहिली. रात्रभर झोपूनही सूज उतरली नव्हती. पण पाय मावेना, यावर चपलांच्या दुकानात एकच औषध असतं.

"एक नंबर मोठा काढ गं," मालक म्हणाले.

गल्ल्यावर बसणाऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो तिथूनच ओरडला, "ताई, अशीच वाढलीस तर खोकीच पायात घालावी लागतील!"

ताईही हसली. दोन दिवसांत तो जोडाही चावू लागला, तर आणखी मोठा आला. मालकांच्या पोटात माया होती, म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी ताई खोकं शोधता शोधता थांबली. "काका, नंबर नीट दिसेनात. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. डोकंही सकाळपासून ठणकतंय."

"चहा घे, बरं वाटेल," मालक म्हणाले.

कसला चहा! मी स्टुलाखाली नुसती तळमळत होते. लोखंडाला तोंड नसतं, नाहीतर दुकान डोक्यावर घेतलं असतं.

तेवढ्यात काकू, म्हणजे मालकांची बायको, डबा घेऊन आल्या. "अहो, सगळे पायांकडेच काय बघताय? तोंड बघितलंत का पोरीचं? केवढं सुजलंय! अंगठी बोटात रुतलीय. उठा, गाडी काढा आधी!"

भोंग्यानं शटर अर्धं ओढलं. ताईचे पाय उंबऱ्याबाहेर गेले.

मग कित्येक दिवस मालक गिऱ्हाईक नसलं की मला हातात घेऊन माझी पट्टी पुढेमागे सरकवत बसायचे. ताईचा रक्तदाब फार वाढला होता. आणखी उशीर झाला असता तर दोन्ही जीव हातचे गेले असते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. बाळ वेळेआधीच काढावं लागलं.

काही महिन्यांनी ताई बाळाला घेऊन आली. मालकांनी मला पुसलं आणि बाळाचं पाऊल माझ्यावर टेकवलं. ते माझ्या पहिल्या रेघेपर्यंतसुद्धा पोचलं नाही. सगळे हसले. मला हसू आलं नाही. एवढंसं पाऊल, आणि आम्ही काय शोधत बसलो होतो तर मोठा जोडा!

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मावशीला, वहिनीला, आईला दिवस गेले असतील, तर पायांबरोबर तिचं तोंडही बघा. सूज सकाळीही उतरली नसेल, चेहरा आणि हात सुजले असतील, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर "होतंच असं" म्हणू नका. तिला तडक डॉक्टरकडे न्या. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.