माझे न उगवलेले बी

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि थोडा आगाऊही आहे. माझे उभे आयुष्य एका रोपवाटिकेच्या कचेरीत गेले. माझी अक्षरे पाहून मालक खूश होत. मग एकदा कचेरी सांभाळणाऱ्या साहेबांचा धक्का लागून मी टेबलावरून खाली आलो. "टाइपरायटर पाडला गेला," असे साहेब सगळ्यांना सांगत सुटले. कोणाकडून, ते मात्र गुलदस्त्यात! माझी इंग्रजी 'बी'ची कळ वाकली. बाहेर हजारो बियांना कोंब फुटत होते, पण माझे बी काही उगवेना.

साहेबांचा हिशेब साधा होता. काम फत्ते झाले की कर्तरी प्रयोग, 'आय डिड'. घोटाळा झाला की कर्मणी, 'हॅड बीन डन', आणि कर्ता गायब.

एका दुपारी फाटक उघडे राहिले. शेळ्या आत शिरल्या आणि त्यांनी दोन हजार रोपांचा फडशा पाडला. मालकांना पत्र जाणार होते. राखणदार मामा टोपी हातात धरून दाराशी उभे होते, कारण त्यांची नोकरी त्या पत्रावर टांगली होती. मामा जेवायला गेले असताना फाटकातून कोणाची गाडी बाहेर पडली, हे टाइप करणाऱ्या ताईंनी आणि मी खिडकीतून पाहिले होते.

साहेबांनी मजकूर सांगितला, 'द गेट हॅड बीन लेफ्ट ओपन.'

ताईंची बोटे थांबली. "साहेब, याचं बी उठत नाही, बीन कसं लिहू? आणि मालकांना पेनानं भरलेलं अक्षर चालत नाही. फाटक कोणी उघडं ठेवलं तेवढं सांगा, तिथूनच वाक्य सुरू करते."

खरे सांगतो, 'हॅड बीन'च्या जागी 'वॉज' लिहून भागले असते. ताईंना ते ठाऊक होते आणि मलाही. आम्ही दोघे मूग गिळून बसलो.

साहेबांनी मामांकडे पाहिले. समोर उभ्या माणसाचे नाव घेऊन खोटे बोलायला त्यांची जीभ रेटेना. चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "लिहा. आय लेफ्ट द गेट ओपन."

पाच शब्द, आणि एकातही बी नाही! इतक्या आनंदाने मी कधीच खडखडलो नव्हतो. मामांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते फाटकाकडे गेले.

आता मी कपाटावर धूळ खात असतो. मित्रांनो, कधी फडके फिरवलेत तर बरे वाटेल. आणि एखादी वस्तू तुमच्या हातून पडली, तर 'पडली' म्हणून मोकळे होऊ नका. 'मी पाडली' म्हणा, आणि तिला उचलून घ्या.