तो उंच माणूस

"बुरुल-एजे, ताई, रागावू नका, पण पुस्तक खरंच आहे ना तुमच्याकडे?" फोनमधून साल्तानातने विचारलं. ती बिश्केकची, ऑनलाइन वाचनगट तीच चालवायची.

"आहे की. हे काय, मांडीवर."

"मग नायकाचं नाव का घेत नाही कधी? सारखं आपलं 'तो उंच माणूस'. मागच्या महिन्यात दोघंजण पुस्तक न वाचता मशीनकडून मतं लिहून घेताना सापडली, माहितीये ना?"

"शेवटचा उतारा वाचू दे त्यांना मोठ्यानं," दुसरी एक म्हणाली. "नाहीतर गटातून रजा."

बुरुलने शेवटचं पान काढलं. नवरा गेल्यापासून 'तुम्हाला काय वाटतं?' असं तिला या गटातच कुणी विचारलं होतं. ती राहायची त्या नारीनच्या दूध केंद्रावर लोक विचारत ते फक्त फॅट किती लागलं. पण कादंबरीतल्या नायकाचं नाव नेमकं तिच्या सासऱ्यांचं होतं, आणि सासऱ्याचं नाव सून घेत नाही. शहरातल्या या पोरींना ती सबबच वाटली असती.

दार ढकलून सासरे काठी टेकत आत आले.

"महिनाभर ऐकतोय मी. उंच माणसानं हे केलं, उंच माणसानं ते केलं. कोण आहे हा? दूध न्यायला येतो तो ट्रकवाला?"

फोनमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"बाबा, पुस्तकातला आहे तो."

"पुस्तकातल्याला नाव नसतं होय?"

बुरुलने पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. चष्मा कपाळावरून खाली आला. सासऱ्यांनी अक्षरं लावत वाचलं. मग चष्म्यावरून सुनेकडे बघत राहिले.

"सरक," म्हणत ते शेजारी टेकले. "वाच. अडलीस की मी आहे."

ती वाचू लागली. खिंड, बर्फाचं वादळ, विखुरलेल्या मेंढ्या. नाव आलं की ती थांबे.

"कालमुरात," सासरे हजेरी दिल्यासारखे म्हणत.



"पहाटे वादळ निवळलं," बुरुल वाचत होती. "मेंढ्या सगळ्या जिवंत होत्या. खिंडीच्या तोंडाशी..."

ती थांबली. सासऱ्यांची नजर आधीच ओळीच्या टोकाला पोचली होती. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कालमुरात," ते हळूच म्हणाले.

"...गोठून गेला होता," तिने वाचलं.