रत्नप्रभाबाईंचं वधूवर केंद्र

"'हल्लेखोर तुमची माहिती चोरू शकतात.'" राजाराम शेजवळांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि टेबलावर ठेवलेला मुलीचा फोटो उचलून पुन्हा पिशवीत टाकला.

रत्नप्रभाबाईंनी चेहरा चिंतातुर केला. आतून मात्र त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. लाल त्रिकोण, खाली 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही', आणि हे सगळं मनालीने केंद्रासाठी बनवलेल्या वेबसाइटवर! त्यांनी हळूच सांगून टाकलं की हे काम आपलं नाही, मनालीचं आहे, मुलगी हुशार आहे पण जरा घाई करते.

शेजवळ ट्रॉम्बेहून इतक्या लांब कांदिवलीला आले होते ते मुलीसाठी. सपना नर्स. तिची रात्रपाळी ऐकली की स्थळं पाठ फिरवत. वेबसाइटवर नाव घालून बघू म्हणून आले आणि घाबरून निघाले. जाताना म्हणाले, "ताई, आमचं तुम्हीच बघा. मशीनचा काय भरोसा!"

हे वाक्य बाई खडीसाखरेसारखं चघळत राहिल्या. बुद्धविहाराच्या बाजूच्या या खोलीत दर रविवारी वंदना झाली की त्या बसत आल्या होत्या. शाळेतली क्लार्कची नोकरी संपली, नवरा गेला, पण रविवार राहिला. कुठल्या घरातली मुलगी किती शिकली, कुठला मुलगा खरंच पीत नाही, हे त्यांना तोंडपाठ असायचं. मनालीच्या आईवडिलांचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. आणि आता त्याच पोरीने सगळं केंद्र मोबाइलमध्ये नेऊन ठेवलं होतं. लोक घरी बसून स्थळं बघत. गेले काही रविवार खोलीत माशा मारायची वेळ आली होती. मनालीचं कौतुक ऐकलं की बाईंच्या पोटात दुखायचं.

त्यांनी मनालीला फोन लावला. तिच्याकडे साइट नीट उघडत होती. साइटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट चालू आहे, मावशी, मी आत्ताच पाहिलं, ती म्हणाली. पत्ता बरोबर टाकलाय का, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं का, असं तिने एकेक विचारलं. बाईंनी काहीच न करता "केलं गं सगळं" म्हणून फोन ठेवला.

मग सहज म्हणून त्यांनी विजेचं बिल बघायला दुसरी साइट उघडली. तिथेही तोच लाल त्रिकोण. बँकेची उघडली, तिथेही तेच. आता सगळ्या जगाच्या साइट काही मनालीने बनवल्या नव्हत्या. बाईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे कितीतरी वर्षांपूर्वीची तारीख होती.

शाळेत त्या कॉम्प्युटरवरच काम करायच्या, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही. आतली छोटी बॅटरी संपली होती. विहार बांधणाऱ्या अण्णांची शिस्त म्हणून निघताना त्या खोलीचा मेन स्विच बंद करत, आणि या वेळी कॉम्प्युटर आपली तारीख विसरून गेला होता. त्या जुन्या तारखेला मनालीचं सर्टिफिकेट जन्मालाही आलं नव्हतं, मग ब्राउझर ते खरं कसं मानणार? चूक साइटची नव्हती, बाईंच्या कॉम्प्युटरची होती.

तारीख बदलायला कितीसा वेळ लागतो? बाईंनी ती बदलली नाही.

दुपारी विहाराच्या समितीचे धोंडिराम आले. पडदा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागोमाग मनाली धापा टाकत आली. आपल्या फोनवर साइट दाखवू लागली, पण धोंडिराम म्हणाले, तुझ्याकडे उघडते गं, इथे येणाऱ्या लोकांचं काय? आपल्या लेकीबाळींचे फोटो आहेत त्यात. मनाली कॉम्प्युटरकडे वळली तसा बाईंनी बटण दाबून तो बंद केला.

"राहू दे गं. तापलाय तो."

धोंडिरामांनी निकाल दिला. साइट आजच बंद, केंद्र पहिल्यासारखं बाईंकडे. मनालीचे डोळे भरून आले होते. ती एवढंच म्हणाली, "सॉरी मावशी. मीच कुठेतरी कमी पडले." आणि घरी जाऊन साइट काढून टाकते म्हणून निघून गेली.

बाई जिंकल्या. पण जिंकून झाल्यावरही मत्सर काही स्वस्थ बसू देईना. एवढं काय केलं होतं पोरीने, ते तरी बघू म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला, तारीख दुरुस्त केली. साइट लगेच उघडली.

छान होती. मुलींचे फोटो, आडनावं, नंबर मनालीने झाकून ठेवले होते, मागितल्यावरच मिळत. बाई नाक मुरडत एकेक स्थळ खाली सरकवत होत्या आणि एका मुलाशी थांबल्या. किरण, घाटकोपर, सरकारी नोकरी. खाली त्याने लिहिलं होतं, 'माझी आई नर्स होती. मुलीच्या रात्रपाळीला आमची हरकत नाही.'

इतक्या वर्षांची सवय. बाईंना क्षणात सपना आठवली. हात आपोआप फोनकडे गेला.

"शेजवळ, स्थळ मिळालं. सोन्यासारखं आहे."

पलीकडे शेजवळांनी बायकोला हाक मारून सांगितल्याचं बाईंना ऐकू आलं. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू! त्या मशीनच्या नादी लागलो असतो तर बसलो असतो तसेच. नंबर द्या ना, आत्ताच बोलतो."

"देते," म्हणून बाईंनी 'संपर्क' वर क्लिक केलं. पान हललं, थोडं थांबलं आणि गेलं. साइट उपलब्ध नाही, एवढंच आलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मनालीने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

पाच मिनिटांत कळवते असं शेजवळांना सांगून बाईंनी फोन ठेवला. किरण नावाचे मुलगे घाटकोपरमध्ये गल्लीगल्लीत असतील. हा कुठला, हे एकाच माणसाला माहीत होतं.

मनालीने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "बोला ना, मावशी."

बाईंना नुसता नंबर मागता आला असता. काहीतरी कारण सांगता आलं असतं, तेही त्यांना सुचलं होतं.

"मनाली," त्या म्हणाल्या, "तुझ्या साइटला काही झालं नव्हतं गं. माझ्या कॉम्प्युटरची तारीख चुकली होती."

"अच्छा..." मनाली म्हणाली. मग तिने विचारलं, "आत्ता कळलं तुम्हाला?"

"नाही. सकाळीच."

आणि मग रत्नप्रभाबाईंनी सपनाचं नाव काढून किरणचा नंबर मागितला.