होडीच्या तीन फळ्या

"होडीला दार कशाला पायजे म्हणतो मी? मासं काय भांडी चोरायला येतात आत?"

यमाजी सुतार हे रंध्याशी पुटपुटत होता. पण फळीचं दुसरं टोक ठकूनं धरलेलं, त्यामुळे तिला ऐकणं भागच होतं. मनाजोगतं काम आलं की तिचा नवरा असाच कुरकुरायचा.

काम होतं कल्याणच्या दीपेशचं. त्याच्या घराची दारं यमाजीनंच केलेली, म्हणून मांडव्याला ठेवलेल्या आपल्या शिडाच्या होडीच्या कुजक्या फळ्या घेऊन तो थेट डोळखांबला आला. होडीतल्या खोलीत उतरायची वाट तीन आडव्या फळ्यांनी बंद होते. दोन बाजूंच्या खाचांत एकीवर एक सरकवायच्या.

"आमच्या मुरबाडच्या वाण्याचं दुकान असंच बंद व्हायचं," ठकू म्हणाली होती. "फक्त फळ्या उभ्या." दीपेश खूश झाला आणि वाटेचा पुठ्ठ्याचा खाका ठेवून गेला.

"जुनी ठेव वर, आन् तशीच रेघ मार," यमाजी म्हणाला.

ठकूनं खिळा घेतला. दीड वर्षापूर्वीपर्यंत रेघ यमाजीच मारायचा, पेन्सिलीनं. मग ती मारू लागली, आणि पेन्सिलीचा खिळा कधी झाला हे कुणी बोललं नाही. ओरखडा खोल असला की त्याच्या अंगठ्याच्या नखाला सापडायचा, आणि नखामागून करवत सरळ जायची. सून वर्षा त्याच्यापुढे चहाचा कप जरा आदळूनच ठेवायची. तीही बोलत नसे. बाहेर कळलं असतं तर डोळखांबात कुणी साधी खुंटीसुद्धा ठोकून घेतली नसती, आणि हा माणूस कामाविना घरात बसला असता तर... इथवर विचार आला की ठकू खिळा जास्तच दाबायची.

तिन्ही जुन्या फळ्या तिनं खाक्यावर मांडून बघितल्या. वर फट राहत होती. खालच्या फळीची कड पाण्यानं खाल्लेली. सांगावं, तर तुमाला दिसलं नाय का, असं होणार. तिनं मुकाट्यानं दोन सूत, म्हणजे पाव इंच, जुनीच्या कडेखाली रेघ ओढली.

यमाजीनं नख फिरवलं. जुनीवरून नवीवर, परत जुनीवर.

"जास्त आलंय गो."

"जुनीच्या कडेला हात लावा."

चहात बुडवलेल्या बटरासारखी कड त्याच्या बोटाखाली चुरली. तो बराच वेळ तशीच कुस्करत राहिला. मग त्यानं करवत उचलली.

रविवारी दीपेश आला. खाक्याबरहुकूम ठोकलेल्या चौकटीत त्यानं एकेक फळी सोडली. टप्प, टप्प, टप्प. शेवटची वर अशी बसली की बोट कुठं अडेना. सांध्यांना बाहेरच्या बाजूला उतार होता. वर्षानं हौसेनं तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. थेंब आत आला नाही.

"काका, खालची झिजलीय हे सांगायचंच राहिलं होतं माझं. आज येताना शहापूर सोडल्यावर आठवलं. तुम्हाला कसं दिसलं?"

वर्षा चहा गाळायला वळली. ठकू घाईनं म्हणाली, "ह्यांना काय रे, एवढ्या वरसांचा हात..."

"थांब गो." यमाजीचा अंगठा अजून फळीच्या कडेवर होता. "मला नाय दिसलं, हिला दिसलं. दीड वरीस झालं, मला रेघच दिसत नाय. रेघ ही मारते, मी नुसता कापतो."