निंगव्वाची जीभ आणि माझी तोटी

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. पण चुलीवर काळी होणारी नव्हे हं! चिनी मातीची, पांढरीशुभ्र, पोटावर निळी वेल असलेली. सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका चहापत्तीच्या दुकानात मी वरच्या फळीवर बसलेली असते. माझी तोटी टोकाला तुटलेली आहे. येणारे जाणारे विचारतात, ही फुटकी कशाला ठेवलीय? आता प्रत्येकाला कोण सांगत बसणार? म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म भट्टीतला. मी ओली असतानाच एका कारागिरानं माझ्या तोटीच्या मुळाशी बारीक भोकं पाडली, पत्ती आतच अडकावी म्हणून. त्या भोकांचा मला केवढा तोरा होता! पुढं त्यांनीच माझी लाज काढली, ते कळेलच. दुकानाचे मालक रेवणप्पा. त्यांचा एक मित्र कोलंबोला नोकरीला होता. त्यानं मला आणून त्यांना भेट दिली.

रेवणप्पा सुटा चहा विकत. नवी पत्ती माझ्यात भिजवायची, घोटभर चहा तोंडात घोळवायचा आणि मगच माल पसंत करायचा, अशी त्यांची रीत. कुठल्या पत्तीत कुठली मिसळायची हे त्यांची जीभ ठरवी. माल आणायचं काम भागीदार खाजाभाईंचं. त्यांचा स्वतःचा ट्रक होता. "अप्पांची जीभ आन् माजा ट्रक, ह्या दोन चाकांवर दुकान चालतंय," असं ते म्हणत.

मग एक दिवस माझं झाकण फुटलं. झालं! रेवणप्पांच्या बायकोनं, काशम्मानं, मला उचलून स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात नेलं आणि माझ्यात शेंगाची चटणी भरली. भरपूर लसूण घालून कांडलेली, लालभडक. वर वाटी पालथी. मी, कोलंबोहून आलेली मी, चटणीचं भांडं झाले! रडू यायचं हो.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि रेवणप्पांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण वास आणि चव काही परत आली नाही. डोळे मिटले तर चहा कुठला आणि गरम पाणी कुठलं, हेही त्यांना कळेना. खाजाभाई सरळच बोलले, "अप्पा, राग धरू नका. जीभच न्हाय तर दुकान कशावर चालवायचं? बंद करू. गाळ्यात टायर ठेवू."

रेवणप्पांची लेक निंगव्वा दाराआडून ऐकत होती. नवऱ्यानं टाकल्यावर ती माहेरी आली होती. दुकान मिटलं तर तिनं अक्कलकोटला मावशीकडं जायचं, असं ठरलेलं होतं. तिथं दिवसभर राबायचं आणि वर उपकार मानायचे. ती पुढं येऊन म्हणाली, "अप्पांच्या जागी मी बसते की."

खाजाभाई हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "बस की. पण आदी जीभ दाखव."

कोलंबोच्या मित्रानं नुकतेच तीन डबे आणले होते, एकाच बेटावरचे तीन चहा. आठ दिवसांनी डोळे बांधून निंगव्वानं ते तिन्ही ओळखले तर दुकान राहणार, नाही तर टायर.

निंगव्वानं जन्मभर चहा प्यायला होता, पण आपल्यासारखाच. दूध, साखर, आलं घालून खदखदा उकळलेला. पहिल्या दिवशी तिनं तिन्ही चहा तसेच उकळले आणि तिन्ही एकसारखे लागले. बिचारी रडकुंडीला आली.

"आगं, ह्यो चहा उकळायचा नसतोय," रेवणप्पा म्हणाले. "उकळतं पानी वरनं वत, झाक, आन् गप बस. दूध न्हाय, साकर न्हाय."

कोरा चहा तोंडात घेताच तिनं असं काही तोंड केलं की मला कपाटात हसू फुटलं. पण रेवणप्पा सोडतायत थोडेच! त्यांना स्वतःला चव नव्हती, म्हणून ते विचारतच राहत. "कशासारखं लागतंय? माजं ऐकून सांगू नकोस. तुजं तू सांग."

हळूहळू तिला शब्द सापडत गेले. उंच डोंगरावरचा चहा फिका, जाईच्या फुलासारख्या वासाचा, आणि आवळा चावल्यावर होते तशी जीभ आखडून टाकणारा. मधल्या डोंगरातला तांबूस; संत्रं सोलताना येतो तसा त्याचा वास. आणि समुद्राजवळच्या सखल भागातला काळाभोर, जाडसर. "अप्पा, ह्याला गुऱ्हाळाचा वास येतोय. काकवीचा!" ती ओरडलीच. रेवणप्पांनी ते फुलपात्र नाकाशी नेलं, पुन्हा पुन्हा हुंगलं आणि तसंच खाली ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

परीक्षेच्या दिवशी काशम्माच्या मनात आलं, खाजाभाई येणार, त्यांच्यापुढं फुलपात्रं काय मांडायची? तिनं मला रिकामं केलं, राखेनं घासलं, गरम पाण्यानं विसळलं. माझं पोट स्वच्छ झालं. पण तोटीत, त्या भोकांच्या पलीकडं, बोट पोचत नाही. तिथं भोकांतून गळलेली जुनी चटणी कडेला घट्ट बसली होती. मला ठाऊक होतं. अरे, कुणीतरी तोटीत बघा, असं मी आतल्या आत ओरडत होते. पण किटलीचं कोण ऐकतंय?

रेवणप्पांचं उपरणं निंगव्वाच्या डोळ्यांवर बांधलं. खाजाभाईंनी मनाला येईल तो डबा आधी उघडला. मधे मधे मला विसळत त्यांनी तिन्ही चहा माझ्यात भिजवले आणि तीन कपांत ओतले. प्रत्येक धारेला माझा जीव खालीवर होत होता.

निंगव्वानं पहिला घोट घेतला आणि थांबली. दुसऱ्या कपातला घेतला. तिसऱ्यातला घेतला. तिचा चेहरा उतरला.

"सांग की पोरी," खाजाभाई म्हणाले.

"काका, तिन्हीत लसूण हाय."

खाजाभाईंनी कप तोंडाला लावला. त्यांच्या गालात दिवसभर तंबाखू, त्यांना कसला लसूण कळतोय! "चांगला चहा हाय की. येत नसलं तर न्हाय म्हनावं. लसूण काय?"

रेवणप्पांनी कप हुंगला, पण त्यांचं नाक मेलेलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. "तू बघ."

काशम्मानं घोट घेतला. चटणी माझ्यात होती हे पुरुषांना ठाऊक नव्हतं आणि निंगव्वाचे डोळे बांधलेले; कळलं ते काशम्माला एकटीलाच. पण चटणीच्या भांड्यात चहा केला, हे पाहुण्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? ती खाली बघत राहिली. "मला न्हाय लागत," ती पुटपुटली.

"झालं तर मग," म्हणत खाजाभाई उठले. त्यांनी पायात चप्पल सरकवली.

निंगव्वानं आईच्या आवाजाकडं तोंड वळवलं. "अव्वा, खरंच न्हाय लागलं? मग माजीबी जीभ अप्पांसारखी गेली म्हनायची."

"आगं न्हाय गं!" काशम्माला रडूच फुटलं. "चटणी व्हती ह्या किटलीत. कालपतूर व्हती. लई घासली मी, पण... खाजाभाई, माफ करा मला."

खाजाभाई माघारी फिरले. खराट्याची काडी तोटीत वाकली, म्हणून त्यांनी लोखंडी तार खुपसली. टचकन माझ्या तोटीचं टोक उडालं. आई गं! आणि मागोमाग चटणीचा लाल गोळा बाहेर पडला.

खाजाभाई त्याच्याकडं बघतच राहिले. "आन् मी अर्धा कप प्यालो, अप्पा! मला कळलं न्हाय." ते निंगव्वाच्या उपरण्याची गाठ सोडायला वाकले. तिनं मान मागं घेतली.

"ऱ्हाऊ द्या, काका. आजून चहा वळकायचा ऱ्हायलाय."

फुलपात्रांत नव्यानं चहा भिजला. निंगव्वानं एकेक घोट सावकाश घोळवला. "ह्यो काकवीचा, खालचा. ह्यो वरच्या डोंगरातला. आन् ह्यो मदला." तिन्ही बरोबर होते. रेवणप्पांनी तोंड फिरवून डोळे पुसले. खाजाभाई बाहेर गेले, गालातला तंबाखू थुंकला, खळखळून चूळ भरली आणि परत येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. "आता मला शिकव," म्हणाले.

काशम्मा मला उकिरड्यावर टाकायला निघाली होती. निंगव्वानं मला तिच्या हातातून घेतलं आणि दुकानात आणून ठेवलं. आता माझ्यातून चहा नीट ओतता येत नाही, सगळा टेबलावर सांडतो. पण रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी मला पुसते.

तर मित्रांनो, भांडं घासताना नुसतं पोट घासू नका, तोटीतही बघा. आणि चारचौघांत कुणी एकटंच म्हणालं की लसूण आहे, तर हसण्याआधी एकदा आत काडी घालून बघा. काडीच घाला हं. तार नको!