रिकामा पडदा

रडारच्या पडद्यावर ठिपका दिसला. विमान आमचंच होतं, आणि ते रडारला दिसता कामा नये म्हणून मी चार वर्षं डोकं फोडून घेतलं होतं. सगळं अंग चपट्या, तिरप्या पत्र्यांचं; रडारची लहर आदळली की भलतीकडे उडावी, माघारी येऊ नये. तरी मेला ठिपका लुकलुकतोय! दुपारी वॉशिंग्टनचे साहेब बघायला यायचे होते. त्यांच्यासमोर दिसला, की आमचं काम कायमचं बंद.

मोहावी वाळवंटाच्या उन्हात विमान उतरलं तशी मी पळत सुटले. एकेक सांधा चाचपला. नाकाखालच्या तपासणीच्या कप्प्याचं झाकण केसभर उचललेलं होतं. तेवढी फट पुरे होती. झाकण उघडून आत हात घातला, तर कडेला चिकटपट्टीने डकवलेलं चांदीचं पदक हाताला लागलं. ग्वादालूपेची मेरीमाता.

“रुबेन!” मी ओरडले. “विमान आहे की देव्हारा?”

रुबेन एस्कालेरा आमचा मुख्य मेकॅनिक, आणि वैमानिक वेड त्याचा जावई.

“मागचा वैमानिक हिच्याविना उडाला, तो परत आलाच नाही,” रुबेन पुटपुटला. “माझ्या पोरीला, सेलियाला, सातवा महिना लागलाय, नोरीनबाई. राहू द्या ना.”

“अहो सासरेबुवा, माझ्या खिशात द्या की!” वेड हसला.

“गप रे. पडतं ते विमान. ती विमानावरच हवी.”

“आणि फटीमुळे शत्रूला दिसला, तर?” मी म्हणाले.

रुबेनने पदक स्वतःच्या हाताने काढलं, ओठांना लावलं आणि मुठीत धरलं.

दुपारी वेड पुन्हा उडाला. वायरलेस बंद ठेवायचा हुकूम होता. रडारच्या गाडीत आम्ही सगळे दाटीवाटीने उभे. पडदा कोरा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोराच! साहेबांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. मला नाचावंसं वाटत होतं.

“बाई,” रुबेनने हळूच विचारलं, “तो आहे ना तिथे?”

“अहो, आहे! म्हणून तर दिसत नाही.”

“आणि पडला असता, तर काय दिसलं असतं?”

पडदा तेव्हाही असाच दिसला असता. मी गाडीचं दार ढकललं, आणि आम्ही दोघं बाहेर उन्हात आभाळ शोधत उभे राहिलो.